मूठ उघडेपर्यंत

माझा दादा लोकांची दुखरी अंगं चोळून देतो. मालीश म्हटलेलं त्याला चालतं, थेरपी म्हटलं की तो कपाळाला आठ्या घालतो. पाटीवर मात्र थेरपी असंच लिहिलंय, कारण पाटी मी रंगवून घेतली आणि दादा कधी वर बघत नाही. औषधांच्या दुकानामागच्या गल्लीत आमची खोली आहे. दुकानाच्या रिकाम्या खोक्यांमधून वाट काढत यावं लागतं. गुडघे धरून आलेली माणसं त्या खोक्यांना शिव्या घालतच आत शिरतात, आणि त्या शिव्या पहिल्यांदा मला ऐकाव्या लागतात. पुढे काउंटर, फोन आणि मी. पडद्यामागे दादा, त्याचं उंच टेबल आणि बाटल्यांचं कपाट.

मी त्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्यांना मी दर वेळी वेगळं कारण सांगते, आणि सगळ्यांना ते पटतं. दादाच्या घराला लागून माझी खोली आहे. वेळा ठरवणं, टॉवेल धुणं आणि चिडणं ही माझी कामं. दादा चिडत नाही. आमच्या आईनं तो वाटा सगळा मलाच दिला असावा.

शेजारच्या किल्लीवाल्यानं दादाचं नाव ठेवलं होतं अंगठेबहाद्दर. दादा चांगला शिकलेला आहे, सही झोकात करतो, पण त्याचे अंगठे पाहिले की ते नाव का पडलं ते कळतं. रुंद, चपटे, टोकाला जरा मागे वळलेले. किल्लीवाल्याची मान वर्षातून एकदा तरी धरते. तेव्हा तो त्याच अंगठ्यांखाली पालथा पडून ‘देवमाणूस’ म्हणतो आणि बाहेर गेल्यावर पुन्हा अंगठेबहाद्दर.

काम कसं चालतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सगळ्याच्या मुळाशी तिळाचं तेल. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट केलेलं. त्यात अर्काचे थेंब. गुडघ्याला आलं आणि गंधपुरा, खांद्याला निलगिरी, कंबरेला कापूर आणि पुदिना. अर्क नुसता अंगाला लावायचा नाही, कातडी भाजते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्यांना गंधपुरा लावायचा नाही. पोटरी सुजून लाल झाली असेल तर हातच लावायचा नाही, सरळ दवाखान्यात पाठवायचं. पुदिन्यानं आधी गार वाटतं, मग तेवढी जागा बधिर होते. लोकांना ते फार आवडतं. दुखणं जागचं हललेलं नसतं, पण त्याचा आवाज बंद होतो.

हे सगळं नंतरचं. आधी कोरडा हात. दादा टेबलावरच्या माणसाच्या पाठीवर नुसता हात ठेवतो आणि थांबतो. माणसाला वाटतं, हा झोपला की काय. श्वास त्याच्या हाताखाली येईपर्यंत तो हलत नाही. मग तेल.

आणि मूठ. हे दादाचं खास. पालथ्या झोपलेल्या माणसाचे हात दोन्ही बाजूंना पडलेले असतात. दुखत असलं की माणूस मूठ आवळतो, आणि आपण आवळलीय हे त्याला ठाऊक नसतं. आतली गाठ सुटली की बोटं आपोआप उलगडतात. दादाचं अर्धं लक्ष त्या मुठीकडे. ‘कसं वाटतंय?’ असं तो विचारायचा, पण उत्तरावर जायचा नाही.

“तोंड भिडस्त असतं गं,” तो मला म्हणायचा. “समोरचा घाम गाळतोय म्हटल्यावर अजून दुखतंय असं कोण म्हणेल? मुठीला भीड नसते.”

एक शिवणकाम करणाऱ्या बाई यायच्या. मशीन चालवून त्यांच्या मानेचा लाकडाचा ओंडका झालेला. हात लावल्या लावल्या म्हणायच्या, “झालं हो, कापसासारखी हलकी झाले.” मी टॉवेल द्यायला आत गेले तर दादा मला डोळ्यांनी खूण करून त्यांची मूठ दाखवायचा. पिळून काढलेल्या फडक्यासारखी. तो आपला चोळत राहायचा, त्या आपल्या ‘झालं, झालं’ म्हणत राहायच्या. मग केव्हातरी बोटं उघडायची आणि पाठोपाठ बाई घोरायला लागायच्या. तेव्हा तो हात काढायचा. मूठ उघडेपर्यंत हात काढायचा नाही, हा त्याचा नेम. पुढचं गिऱ्हाईक बाहेर बसून माझं डोकं खायचं, ते माझ्या नशिबात.

वहिनी चपलांच्या दुकानात होती. दिवसभर लोकांच्या पायांशी वाकून जोडे घालून बघायचं काम. “तुझा दादा लोकांच्या पाठीवर जगतो आणि मी लोकांच्या पायांवर,” ती म्हणायची. “मधली जागा तू घे, पोट. तुझं खाण्यावरून तसंही कळतंच.” वहिनी बोलायला लागली की माणसाला उशीर व्हायचाच. कुणाला कोणता जोडा चावतो, कोण एक नंबर लहान घेऊन मिरवतो, कुणाच्या मोज्याला भोक आहे, सगळ्या गावाचा हिशोब तिच्याकडे. माझं तिचं रोज वाजायचं आणि रोज मिटायचं. तिच्यासारखं भांडायला पुन्हा कुणी मिळालं नाही.

तिची कंबर दुखायला लागली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. वाकण्याचं काम, वय झालेलं, दुखणारच. ती म्हणाली चपला, दादा म्हणाला चपला, मीही म्हणाले चपला. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की ती दुकानातून थेट आमच्याकडे यायची, पर्स माझ्या काउंटरवर टाकायची आणि आत जाऊन टेबलावर पालथी पडायची. मी बाहेर टॉवेल घड्या करत बसायचे. पडद्याआडून तिची बडबड ऐकू यायची, मग जरा शांतता, मग, “उतरलं हो. पार उतरलं. चला घरी.” आणि ती हसायची. त्या हसण्यावर दादाचा दिवसभराचा शीण जायचा. तो पडदा सारून बाहेर यायचा तेव्हा त्याचा चेहरा मुलानं पहिला नंबर काढल्यासारखा असायचा.

असं बरेच महिने चाललं. गंधपुऱ्याचा वास तिच्या साड्यांत मुरला. दुकानातल्या बायका तिला चिडवायच्या, आली औषधाची बाटली. ती वाळत चालली होती, पण आम्ही म्हणायचो बरंय, वजन उतरलं तर कंबरेला आराम. दिव्याखाली अंधार म्हणतात, आमच्याकडे तर दिवा धरून बसलेला माणूस होता.

एके दिवशी दुकानात ती खोका उचलायला वाकली आणि वर आलीच नाही. तशीच, वाकलेलीच, तिला गाडीत घातली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला लावून दाखवला. पाठीचे मणके आतून पोखरलेले. मूळ दुखणं दुसरीकडेच होतं, हाडांत पसरलं होतं. “हे आजचं नाही,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस हे सहन कसं केलं यांनी?” वाईट बोलल्या नाहीत बिचाऱ्या. नुसतं विचारलं.

उत्तर दिलं ते माझ्या भाचीनं, दादाच्या मुलीनं. एकुलती एक. गावाच्या दुसऱ्या टोकाला असते, नवऱ्याबरोबर, एका कारखान्याच्या कचेरीत कामाला आहे. बापाची लाडकी. लहान असताना दादाची पाठ दुखली की तो जमिनीवर पालथा पडायचा आणि ही भिंतीला धरून त्याच्या पाठीवर चालायची, इकडून तिकडे, गाणं म्हणत. ती दवाखान्याच्या त्या लांब बोळात भिंतीला टेकून उभी होती. ओरडली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, “बाबा, तुमच्या तेलांनी आईला बधिर करून ठेवलं. दुखलं असतं तर ती आधीच आली असती इथे.”

मी तिला काहीतरी बोलणार होते. माझ्या तोंडात शब्द आलेच होते. पण दादानं मान हलवली, हो अशी.

वहिनी गेली. कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. माणसं आली, बसली, गेली. सगळे म्हणाले रड, मोकळी हो. मला रडू आलं नाही. मी घरी येऊन टॉवेल भिजत घातले, ते बरेच साठले होते. पाण्यावर तेलाचे गोल तवंग आले ते बघत बसले. माझ्या आत काहीच हलत नव्हतं. राग नेहमी माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, तोही कुठे गेला कळेना. मैत्रीण, बहीण, भांडायला जाऊ, माझी सगळी नाती त्या एका बाईत होती, आणि मी साबण किती घालायचा याचा विचार करत होते.

दादा कामावर आला. लोक म्हणाले, चांगलं केलंत, काम बरं असतं. बरं-वाईट काही नव्हतं. तेल कोमट करायचा, कोरडा हात ठेवायचा, चोळायचा. हातांना सगळं येत होतं, म्हणून हात करत होते. ‘कसं वाटतंय?’ हे विचारणं त्यानं सोडलं. आणि एक नवीनच काढलं. माणूस टेबलावर झोपला की त्याच्या दोन्ही हातांवर टॉवेल टाकायचा. पाठ उघडी, हात झाकलेले.

“हे काय नवीन?” मी विचारलं.

“गार लागतं लोकांना.”

पंखा बंद, दार बंद, आणि हातांना गार लागतं. मी म्हटलं असेल. मला टॉवेल जास्त धुवावे लागत होते तेवढंच. काम किती वेळ करायचं ते तो आता भिंतीवरच्या घड्याळावर ठरवायचा. शिवणकामवाल्या बाई एकदा बाहेर येऊन मान चोळत उभ्या राहिल्या. “आज घोरले का हो मी?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं नाही. “तरीच,” म्हणाल्या, आणि मग भिडेनं म्हणाल्या, “पण बरं वाटलं हं.” भीड भिकेची बहीण. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत.

जेवण मी करायचे आणि त्याच्या पुढ्यात ठेवायचे. तो चार घास खाऊन ताट सरकवायचा. बोलायचा नाही असं नाही. नळ दुरुस्त करायला हवा, कापूर संपत आला, एवढं बोलायचा. मुलीचं नाव काढायचा नाही. तीही फिरकली नाही. दिवसकार्याला आली ती पाहुण्यासारखी, परक्यांच्या रांगेत बसली आणि पाणी न पिता गेली.

माझं म्हणणं एकच होतं. वहिनी गेली ती गेली. पण ह्या दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं. दादाला दुसरं कुणी नाही, मी आहे ती नसल्यासारखी, बहीण म्हणजे भिंतीतला खिळा, असतोच. मुलगी तुटली तर तो असाच घड्याळाकडे बघत बघत संपेल, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि तीही. ती तर अजून तरुण आहे, तिला हे फार वर्षं वागवावं लागेल.

म्हणून मी एक दिवस उठून तिच्या कारखान्यात गेले. जेवणाच्या सुट्टीत ती खाली आली. पत्र्याच्या छपराखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, तिथे बसलो. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही.

“बापाला भेटायला ये,” मी म्हटलं.

“आत्या, तू जेवलीस का?”

“विषय बदलू नकोस. किती दिवस रागावून बसणार आहेस?”

“मी रागावले नाहीये.” ती डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत होती. “राग आला असता तर बरं झालं असतं. मला काहीच वाटत नाही. सकाळी उठते, बस पकडते, काम करते. परवा कुणीतरी पायावर पाय दिला, रक्त आलं, तेसुद्धा घरी गेल्यावर दिसलं.”

“मलाही काही वाटत नाही. म्हणून मी माणसं टाकली का?”

तिनं डबा बाजूला सरकवला. मग म्हणाली, “त्यांना एकदा विचार, आत्या. दुसऱ्यांच्या अंगातली बारीक गाठ त्यांच्या हाताला लागते. आईचं कसं कळलं नाही?”

मी ते दादाला विचारलं नाही. बसमध्ये ठरवलं होतं विचारायचं, पण घरी आले तर तो नळाशी बसून वायसर बदलत होता, आणि त्याची मान मागून म्हाताऱ्या माणसासारखी दिसत होती. मी सरळ आत जाऊन भाजी चिरायला घेतली.

ती आली ती आमच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. त्या दिवशी आम्ही खोली धुतो. दादा कपाटातल्या बाटल्या काढून पुसत होता, मी फरशी पुसत होते. तिनं उंबऱ्याशी चपला काढल्या आणि ओल्या फरशीवरून आत येऊन मालीशच्या टेबलाच्या कडेवर बसली. पाय लोंबते. दादानं तिच्याकडे पाहिलं, हातातली बाटली पुसून खाली ठेवली आणि दुसरी घेतली. मी फडकं बादलीत टाकून तिथेच बसून राहिले. उठून जायला हवं होतं. गेले नाही.

“बाबा, मी तुम्हाला एक सांगायला आलेय,” ती म्हणाली. “मधे बोलू नका.”

दादा कधीच मधे बोलत नाही.

“आईनं मला सांगितलं होतं. दुखणं उतरत नाही म्हणून. तुम्ही चोळलंत की थोडा वेळ गार वाटतं आणि मग जास्तच उठतं, कूस बदलता येत नाही, असं म्हणाली होती. मी म्हटलं, बाबांना सांग, नाहीतर मी नेते तुला डॉक्टरकडे. तर म्हणाली, नको, दुकानातली गर्दी संपू दे. आणि म्हणाली, त्यांना सांगितलंस तर माझी शपथ आहे. त्यांना फार लागेल, त्यांच्या हातावर त्यांचा फार विश्वास आहे. मीही म्हटलं बरं. मला त्या महिन्यात कामाची धावपळ होती. मी पुन्हा विचारलं नाही.” तिचा आवाज सपाट होता, कुणाला तरी काम समजावून सांगावं तसा. “म्हणजे ती तुमच्यापासून लपवत होती. मला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं. बोळात मी जे बोलले ते मी स्वतःला बोलायला हवं होतं. तुमची चूक नाही. एवढंच सांगायचं होतं.”

मला वाटलं, झालं. सुटलं. मी देवाचं फारसं नाव घेत नाही, पण त्या वेळी मनात घेतलं. आता दादानं फक्त बाटली खाली ठेवायची होती. तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, बस. बोलायचीही गरज नव्हती. मुलगी स्वतःहून सगळा भार उचलून घेऊन आली होती, बापाला नुसतं उभं राहायचं होतं.

दादानं बाटलीचं बूच घट्ट केलं.

“माझ्या हाताला कळलं होतं,” तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली.

“अगदी आधी नाही. पण नंतर कळलं होतं. ती उतरलं म्हणायची आणि मूठ आवळलेलीच असायची. एकदाही उघडली नाही. स्नायू आखडला की हाताखाली तो भांडतो, मग दमतो. हे भांडत नव्हतं. खाली काहीतरी दुसरं होतं.” तो बाटलीकडे बघूनच बोलत होता. “मग मी मुठीकडे बघणं सोडलं. मान वळवून उभा राहायचो. ती उतरलं म्हणाली की हात काढायचो.”

“का?” भाचीनं विचारलं.

“बघितलं असतं तर उठवून न्यावं लागलं असतं. आणि तिथे ते काय सांगतील याची मला भीती वाटत होती. ती हसायची ना उठताना. म्हटलं, आजच्या दिवस खरं धरू. उद्या बघू.” थोड्या वेळानं म्हणाला, “असं रोज म्हटलं.”

माझ्या बादलीतलं पाणी काळं झालं होतं. मला टॉवेल आठवले, लोकांच्या हातांवर टाकलेले, आणि ते मीच धूत होते आणि साबणाचा हिशोब करत होते.

आणि मग इतक्या दिवसांनी मला राग आला. असा आला की कानशिलं तापली. दादाचा राग. मुलगी तुझ्या हातात माफी ठेवायला आली होती रे, घ्यायची आणि मुठीत धरून ठेवायची. इतके महिने खोटं पचवलंस, आणखी एक पचवलं असतंस तर काय आभाळ कोसळणार होतं? सत्य सांगायची खुमखुमी बरी आत्ताच आली. वहिनी होती तेव्हा कुठे गेली होती? हे मी तोंडानं बोलले नाही. बोलले असते तर थांबले नसते.

भाची टेबलावरून उतरली. चेहऱ्यावर काही नव्हतं. “आत्या, पाणी दे,” म्हणाली. मी दिलं. उभ्यानं सगळं प्यायली, पेला काउंटरवर ठेवला, चपला घातल्या. “येते,” म्हणाली ती मला म्हणाली की त्याला, कळलं नाही. खोक्यांमधून तिची पाठ जाताना दिसली. दादानं उरलेल्या बाटल्या पुसल्या.

त्या रागावर मी बरेच दिवस काढले. राग आला तसं बाकीचंही यायला लागलं. एकदा भाजी घेताना चपलांच्या दुकानावरून जावं लागलं, काचेआड दुसरीच कुणी बाई गिऱ्हाइकाच्या पायाशी वाकली होती, आणि मी रस्त्यात उभी राहून रडले, पिशवी हातात घेऊन, लोकांनी वळून बघेपर्यंत. बरं वाटलं असं नाही म्हणणार. पण रडले.

दादाचं तसंच चाललं होतं. फक्त टॉवेल टाकणं बंद केलं त्यानं. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. एकदा आत गेले तर किल्लीवाला पालथा पडला होता आणि दादा त्याच्या हाताकडे बघत उभा होता. मग म्हणाला, “उठ. हे माझ्याकडचं नाही. उद्या फोटो काढून घे खांद्याचा.” किल्लीवाला कुरकुरला, गेला, आणि काढला. हाडाला बारीक चीर निघाली, तो कुठेतरी पडला होता आणि कुणाला बोलला नव्हता. बाहेर त्यानं नवीन नाव ठेवलं, डॉक्टरांचा एजंट. दादा हसला नाही. त्याचा चेहरा अजून तसाच होता, पुसलेल्या पाटीसारखा.

भाचीचे फोन येऊ लागले. काउंटरवरच्या मोबाईलवर, मला. कसं चाललंय, पाणी येतंय का, गॅस आणला का. त्याच्याशी बोलायचंय असं कधी म्हणाली नाही आणि मीही फोन पुढे केला नाही. आपलेच दात आपलेच ओठ, कुणाला काय म्हणायचं. पण ठेवायच्या आधी दर वेळी एक विचारायची, “जेवतात का नीट?”

“जेवतो की,” मी म्हणायचे.

“बरं,” म्हणायची आणि ठेवायची.

परवा तिचा फोन आला तेव्हा आत शिवणकामवाल्या बाई होत्या. त्या पुन्हा यायला लागल्यात. ती नेहमीचंच बोलली, नळ, गॅस, माझे गुडघे. मग विचारलं, “जेवतात ना नीट?” माझ्या तोंडावर ‘जेवतो’ आलंच होतं. आणि मला वाटलं, आमच्या घरात हे असंच चालतं. सगळे सगळ्यांना बरंय म्हणतात.

“नाही,” मी म्हटलं. “चार घास खातो आणि उठतो. झोपतही नाही, पहाटे दार उघडून पायरीवर बसलेला असतो. निम्मा झालाय. मी तुला उगाच बरंय म्हणत होते. बरं काही नाही.”

पलीकडून कारखान्याची यंत्रं ऐकू येत राहिली.

“त्यांना फोन दे, आत्या,” ती म्हणाली.

मी पडदा सारून आत गेले. दादाचे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलानं माखले होते, म्हणून फोन मीच त्याच्या कानाशी धरून उभी राहिले.